ताश्कंदची रात्र आणि संशयाचे ऋण

पानिपतच्या रणांगणावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले. ते वर्तमान पुण्यास पोहोचले, परंतु ते मनापासून स्वीकारावयास फारसे कोणी तयार नव्हते. प्रेताची ओळख निःशंकपणे पटलेली नव्हती. आणि एवढा मोठा सेनापती एवढ्या मोठ्या सैन्यासह एका दिवसात नाहीसा होतो, ही गोष्टच लोकांच्या बुद्धीस मानवणारी नव्हती. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत, असे सांगतात. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा एक इसम उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. तरीही १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडताच कोकणातील किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले आणि त्याच्याभोवती फौज जमली. त्याच वर्षी त्यास देहदंड झाला. तोतया गेला, तोतयावर विश्वास ठेवणारे मन मात्र मागे राहिले.

या मनाला केवळ भोळे म्हणून हिणविणे सोपे आहे. परंतु ते मन अडाण्यांचे असते आणि शहाण्यांना त्याची बाधा होत नाही, असा अनुभव नाही. घटना जेवढी मोठी, तेवढेच तिचे कारणही मोठे असले पाहिजे, ही मानवी बुद्धीची फार जुनी मागणी आहे. राष्ट्राचा नेता एखाद्या सामान्य कारकुनाप्रमाणे हृदयविकाराने मध्यरात्री जातो, किंवा एखादे विमान केवळ समजुतीच्या चुकीमुळे डोंगरावर आदळते, हे मान्य करणे म्हणजे इतिहासाच्या रथाचा लगाम कोणाच्याही हाती नाही हे मान्य करणे होय. त्यापेक्षा तो कोणा दुष्टाच्या हाती आहे असे मानणे मनाला अधिक सुसह्य वाटते. कटाची कथा भीतिदायक असली तरी तिच्यात एक विचित्र दिलासा असतो.

स्वतंत्र भारतात या प्रवृत्तीला सर्वांत दीर्घकाळ खाद्य पुरविणारी घटना म्हणजे लालबहादूर शास्त्री यांचा ताश्कंद येथील मृत्यू. त्या घटनेला साठ वर्षे लोटली, तरी संशय विझलेला नाही. तो का विझला नाही, आणि न विझल्यामुळे देशाचे काय गेले, याचा विचार भावनेच्या आहारी न जाता करावयास हवा.

काय घडले?

१९६५ च्या युद्धातील शस्त्रसंधी २३ सप्टेंबर रोजी अमलात आली. सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांच्या मध्यस्थीने ४ जानेवारी १९६६ पासून ताश्कंद येथे वाटाघाटी सुरू झाल्या. शास्त्रीजींच्या समवेत परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १० जानेवारी रोजी घोषणापत्रावर शास्त्रीजींनी व अयुबखान यांनी सह्या केल्या. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या ठिकाणी परतावे, असे ठरले. याचा अर्थ, भारतीय जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजी पीर खिंड सोडावी लागणार होती. मायदेशी या कराराचे स्वागत कसे होईल, याची चिंता शास्त्रीजींच्या मनात होती, असे त्यांच्या सोबत असलेल्यांनी नोंदवून ठेवले आहे.

त्याच रात्री, दीडच्या सुमारास, शास्त्रीजी अस्वस्थ होऊन स्वतःच चालत सहायकांच्या खोलीपर्यंत आले आणि त्यांनी डॉक्टरांची चौकशी केली. त्यांचे वैद्यकीय सल्लागार डॉ. चुघ धावून आले. परंतु काही मिनिटांतच सारे संपले. शास्त्रीजींचे वय तेव्हा ६१ वर्षांचे होते. १९५९ साली त्यांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता आणि पंतप्रधानपदाची सूत्रे हाती घेतल्यावर अल्पावधीतच, १९६४ साली, दुसरा आला होता. डॉ. चुघ आणि सोव्हिएत डॉक्टर यांनी सही केलेल्या अहवालात हृदयविकार हेच मृत्यूचे कारण नमूद झाले. कोसिजिन आणि अयुबखान यांनी शवपेटीस खांदा दिला आणि पार्थिव दिल्लीस आले.

वैद्यकीय पूर्वेतिहास, सात दिवसांच्या वाटाघाटींचा ताण आणि कडाक्याचा हिवाळा या तिन्हींचा विचार करता नैसर्गिक मृत्यूचे स्पष्टीकरण पुरेसे ठरावे. ते तसे ठरले नाही, याचे कारण मृत्यूनंतर जे घडले आणि जे घडले नाही, त्यात आहे. शवविच्छेदन ताश्कंदला झाले नाही आणि दिल्लीसही झाले नाही. चेहरा निळसर पडलेला कुटुंबीयांनी पाहिला आणि विषप्रयोगाचा संशय ललिताबाई शास्त्री यांनी उघडपणे व्यक्त केला. प्रेत टिकविण्यासाठी केलेल्या रासायनिक प्रक्रियेमुळे असा रंग येतो, हे त्यावरचे उत्तर होते. पण ते अधिकारवाणीने, वेळेवर आणि त्या कुटुंबासमोर बसून समजावून दिले गेले नाही. भोजनव्यवस्थेवरील सेवकांपैकी काहींना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्या रात्री ताब्यात घेऊन नंतर सोडून दिल्याचेही पुढे प्रसिद्ध झाले. एका महान लोकशाहीचा पंतप्रधान परमुलखात वारला आणि त्या मृत्यूची रीतसर न्यायालयीन चौकशी झाली नाही. पुढे २००९ साली माहितीच्या अधिकाराखाली विचारणा झाली तेव्हा पंतप्रधान कार्यालयाने या विषयावरील एक कागद आपल्याकडे असल्याचे मान्य केले. मात्र परराष्ट्र संबंधांस बाध येईल या कारणास्तव तो दाखविण्याचे नाकारले. ज्या सोव्हिएत संघराज्याच्या भूमीवर हा मृत्यू घडला, ते संघराज्य १९९१ सालीच लयास गेले होते. मग संबंध बिघडावयाचे ते कोणाशी, असा प्रश्न सामान्य नागरिकाच्या मनात उभा राहिला तर त्यास दोष कसा द्यावा?

संशयाची वंशावळ

संशयाला उत्तर न मिळाले की तो एकटा राहत नाही. त्याला संतती होते. ताश्कंदच्या मृत्यूचा ठपका कोणी सोव्हिएत गुप्तहेरांवर ठेवला, कोणी अमेरिकन गुप्तहेरांवर, कोणी देशांतर्गत प्रतिस्पर्ध्यांवर. ही तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. असे असूनही त्यांचे पुरस्कर्ते परस्परांचे खंडन करताना क्वचितच दिसतात. त्यांचे भांडण अधिकृत स्पष्टीकरणाशी असते, एकमेकांशी नसते. सत्यशोधन आणि संशयपूजा यांतील भेद येथे प्रथम ध्यानात येतो. शोधकाला दोन विसंगत विधाने एकत्र नांदविता येत नाहीत. पूजकाला त्यांची अडचण वाटत नाही.

शास्त्रीजींच्या निधनास तेरा दिवस होतात न होतात तोच, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले आणि त्यातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत मुंबईचे सुपुत्र डॉ. होमी भाभा होते. त्याच दिवशी दिल्लीस इंदिरा गांधींचा पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला. पंतप्रधान गेले, अणुशास्त्रज्ञ गेले आणि सत्ता पालटली, हे सर्व अवघ्या दोन आठवड्यांत! एवढ्या घटना योगायोगाने जुळतील काय, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आहे. विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक बिघडलेले होते. आपण शिखर ओलांडले आहे अशी वैमानिकाची समजूत झाली, आणि जिनिव्हाच्या नियंत्रकाने केलेली दुरुस्ती त्यास नीट न उमगल्याने विमान खाली येत गेले.

या संदर्भात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच 'मलबार प्रिन्सेस' हे विमान आदळले होते आणि त्यातील ४८ जण दगावले होते. तीच कंपनी, तोच पर्वत, तेच जिनिव्हाचे गंतव्य. त्या अपघाताविषयी कोणी कटाची कथा रचली नाही, कारण त्यात जगप्रसिद्ध असा कोणी नव्हता. बहुतेक प्रवासी साधे खलाशी होते. पुरावा जसा आढळेल तसा संशय घेतला जात असता, तर दोन्ही अपघातांना सारखाच न्याय मिळाला असता. संशय मृताच्या मोठेपणामागून जातो, पुराव्यामागून नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

खुलेपणाची मर्यादा

सरकारने सर्व कागद उघडे केले की संशय आपोआप मावळेल, असे यावर कोणी म्हणेल. अनुभव तसा नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानमधील ताइहोकू येथील विमान अपघातात मृत्यू झाला, हे १९५६ ची शाहनवाज समिती आणि १९७० च्या दशकातील खोसला आयोग या दोघांनीही मान्य केले. पहिल्या समितीत नेताजींच्या बंधूंनीच भिन्न मत नोंदविले. १९७८ साली पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत पूर्वीचे निष्कर्ष निर्णायक मानता येत नसल्याचे सांगितले. न्यायमूर्ती मुखर्जी आयोगाने २००५ साली अपघाताची कथाच अमान्य केली, आणि २००६ साली सरकारने आयोगाचा निष्कर्ष अमान्य केला. पश्चिम बंगाल सरकारने २०१५ मध्ये ६४ आणि केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये १०० फायली खुल्या केल्या. नेताजी जिवंत होते असे सिद्ध करणारा कागद त्यांत निघाला नाही. तरी ज्यांचा विश्वास होता त्यांचा तो कायमच राहिला. खरी फाईल अजून दडविलेली आहे, एवढेच ते म्हणू लागले. नेताजींच्या कन्या मात्र टोकियोच्या रेंकोजी मंदिरातील अस्थी पित्याच्याच आहेत असे मानून त्या मायदेशी आणाव्यात, अशी विनंती करीत राहिल्या. संशयाच्या कल्लोळात एका मुलीची ही साधी मागणी मागे पडली. भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण व्हावी असे प्रकारही घडले; कधी उत्तर बंगालमधील, कधी फैजाबादमधील एखादा अज्ञात साधू म्हणजेच नेताजी, असे सांगणारे निघाले आणि त्यांवर विश्वास ठेवणारेही निघाले.

अमेरिकेचा अनुभव निराळा नाही. अध्यक्ष केनेडी यांच्या २२ नोव्हेंबर १९६३ च्या हत्येनंतर दहा महिन्यांत वॉरन आयोगाचा अहवाल आला; १९९२ साली खास कायदा करून लक्षावधी पाने टप्प्याटप्प्याने खुली करण्यात आली. एवढे होऊनही तेथील बहुसंख्य जनता दशकानुदशके कटाच्या कल्पनेस चिकटून राहिली. मग खुलेपणाचा उपयोग काय?

उपयोग असा की, त्यामुळे रास्त शंका आणि निव्वळ कल्पना वेगळ्या होतात. कागद बंद असतील तोवर शंका घेणारा विवेकी नागरिक आणि कथा रचणारा हौशी मनुष्य एकाच रांगेत उभे असतात. दोघांच्याही हाती पुरावा नसतो आणि दोघांनाही तो मागण्याचा सारखाच हक्क असतो. कागद खुले झाले की विवेकी मनुष्य ते वाचून रांगेतून बाहेर पडतो. उरलेल्यांची समजूत कोणत्याही राज्यसंस्थेस घालता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही तिने करू नये. जे पटवून घेण्यास तयार आहेत, त्यांना पटविण्याची साधने उपलब्ध करणे एवढेच तिचे कर्तव्य आहे. ताश्कंदच्या प्रकरणी ते कर्तव्य पार पडले नाही.

कट असतात, पण...

सर्व संशय खुळचट असतात, असेही समजण्याचे कारण नाही. कट होतात. गांधीजींची हत्या हा कट होता, आणि तो न्यायालयात सिद्ध झाला. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट झाला, एक आरोपी जागीच पकडला गेला, मुंबईच्या एका प्राध्यापकाने आपल्याला ठाऊक असलेली माहिती मंत्र्यांच्या कानी घातली; तरी पुढील दहा दिवसांत मारेकऱ्यांना कोणी अडविले नाही. पुढे नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यातील एका समारंभात, या बेताची पूर्वकल्पना आपणांस होती असे एका वक्त्याने सांगितले. त्यावरून खळबळ उडाली, आणि १९६६ साली नेमलेल्या न्यायमूर्ती कपूर आयोगाने १९६९ साली सविस्तर अहवाल दिला. तेव्हा संशय घेणाऱ्यांची मागणी निराधार नव्हती. तिच्यातून शासनयंत्रणेची शिथिलता उजेडात आली.

परंतु खऱ्या कटाचे एक लक्षण येथे ध्यानात घ्यावयास हवे. त्याला नावे असतात, तारखा असतात, प्रवासाची तिकिटे असतात, फुटलेला साथीदार असतो. तो सर्वज्ञ नसतो. चुका करतो, घाबरतो, मागे खुणा ठेवतो. कल्पनेतला कट याच्या उलट असतो. त्यात कोणी चुकत नाही, कोणी फुटत नाही, आणि पुरावा न सापडणे हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा मानला जातो. कोणती गोष्ट आढळली तर आपण आपले मत सोडू, या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येते त्याची शंका आदराने ऐकावी. ज्याला ते देता येत नाही त्याने शंकेचे नाव घेऊन श्रद्धाच जोपासलेली असते.

हानी कोणाची?

या श्रद्धेने कोणाचे काय बिघडते, असे विचारले जाईल. बिघडते ते बरेच. ताश्कंद कराराचेच पाहावे. हाजी पीर सोडणे योग्य होते काय? रणांगणावर मिळविलेले मेजावर किती द्यावे? मध्यस्थ महासत्तेच्या आग्रहापुढे भारताने कितपत नमते घेतले? हे प्रश्न गंभीर होते, आणि काश्मीरच्या पुढील इतिहासाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. परंतु साठ वर्षांत लोकचर्चा फिरत राहिली ती दुधाच्या पेल्याभोवती. शास्त्रीजींनी जे केले त्याचा विचार मागे पडला आणि त्यांचे काय केले गेले याचाच काथ्याकूट होत राहिला. ज्या पुरुषाने आयुष्याच्या अखेरच्या दिवशी एक अवघड निर्णय जबाबदारीने घेतला, त्याचे कर्तृत्व त्याच्या मृत्यूच्या रहस्याखाली दडपले गेले. करार चुकीचा मानणाऱ्यांनाही तो शास्त्रीजींच्या पदरी घालण्याचा संकोच वाटू लागला. आणि योग्य मानणाऱ्यांनी त्याचे श्रेय त्यांना दिलेच नाही.

दुसरी हानी निरपराधांची. त्या रात्री स्वयंपाकघरात राबणारे, पाण्याचा तांब्या भरून ठेवणारे, नाडी पाहणारे लोक जन्मभर संशयाच्या सावलीत वावरले. त्यांच्यावर कधी खटला झाला नाही, म्हणून त्यांची निर्दोष सुटकाही कधी झाली नाही. आरोप न ठेवता दिलेली ही शिक्षा कोणत्याही दंडसंहितेत बसत नाही.

तिसरी हानी लोकशाहीची. जो नागरिक प्रत्येक घटनेमागे अदृश्य हात पाहतो, तो दृश्य हातांना जाब विचारण्याचे सोडून देतो. सर्वच खोटे आहे असे मानणारा मनुष्य सत्ताधाऱ्यांना जडही जात नाही. त्याच्यापुढे खरे बोलण्याचे बंधनच उरत नाही. अविश्वास ही जागरूकता नव्हे. पुष्कळदा ती थकलेल्या जागरूकतेची निद्रा असते.

उपाय अवघड नाहीत. पदावर असताना, विशेषतः परदेशी, एखाद्या उच्चपदस्थाचा मृत्यू झाल्यास शवविच्छेदन हा कुटुंबीयांच्या वा सरकारच्या मर्जीचा प्रश्न राहू नये. ती कायद्याने ठरलेली रीत असावी, म्हणजे तिच्यात कोणास अपमान वाटणार नाही आणि तिच्या अभावी कोणास शंका येणार नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि त्याखालील १९९७ चे नियम यांनुसार पंचवीस वर्षांपूर्वीचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावयास हवेत. २००५ च्या माहितीच्या अधिकारानेही वीस वर्षांनंतर बहुतेक अपवाद गळून पडतात. मात्र देशाची सुरक्षितता आणि परराष्ट्र संबंध हा अपवाद कायम राहतो, आणि मोठ्या घटनांचे कागद नेमके त्याच कोनाड्यात ठेवले जातात. या अपवादालाही कालमर्यादा हवी. ती कधी संपते याचा निर्णय, ज्याच्या कपाटात कागद आहे त्याच खात्याकडे असू नये. तो न्यायिक अधिकार असलेल्या स्वतंत्र मंडळाकडे असावा.

गुप्तता हे शासनाने जनतेच्या विश्वासातून काढलेले कर्ज असते. संकटकाळी ते काढावे लागते, यात वाद नाही. पण मुदत संपल्यावर ते फेडले नाही, तर त्यावर संशयाचे व्याज चढते आणि पुढे मुद्दल दिले तरी खाते मिटत नाही. नेताजींच्या फायली सत्तर वर्षांनी खुल्या झाल्या तेव्हा हेच घडले. जनतेचीही एक बाजू आहे. जाब विचारण्याच्या हक्काबरोबर उत्तर ऐकून घेण्याचे, आणि ते साधे निघाले तरी स्वीकारण्याचे कर्तव्य येते.

मराठी भाषेने 'ध चा मा' हा वाक्प्रचार नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनावरून घेतला. एका अक्षराच्या फेरफाराची ती कथा घरोघरी झाली. तो कागद मात्र कोणी दाखविलेला नाही. त्याच खुनाच्या संदर्भात मराठी मनाने आणखी एक नाव जपले आहे, ते रामशास्त्री प्रभुण्यांचे. त्यांनी कुजबुज केली नाही. चौकशी केली, दोषी कोण ते ठरविले आणि ज्याच्या हाती सत्ता होती त्याच्या तोंडावर ते सांगितले. शास्त्रीजींच्या मृत्यूबाबत देशाला कुजबुज भरपूर मिळाली. रामशास्त्र्यांची चौकशी मिळावयाची राहिली आहे.